मालेगाव कोणतं?

वहीत लिहिलं होतं : ‘आमचे मालेगाव गिरणा व मोसम या नद्यांच्या संगमावर वसले आहे. येथे यंत्रमागाचा मोठा व्यवसाय चालतो.’ अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही. लिहिणारी मुलगी सहावीतली, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातली. शाळेत येताना तिच्या वाटेच्या दोन्ही अंगांना सोयाबीन आणि तूर. यंत्रमाग तिनं डोळ्यांनी पाहिलेला नाही. तिनं मोबाइलवर ‘मालेगाव माहिती’ शोधलं, पहिलं पान उघडलं आणि उतरवून घेतलं. ते मालेगाव नाशिक जिल्ह्यातलं होतं.

चूक तिची थोडी आणि शिकवणाऱ्यांची, म्हणजे आपलीच, जास्त. ‘मोबाइलवर बघून लिहून आण’ एवढंच आपण सांगितलं होतं. विहिरीवर धाडायचं आणि दोर-बादली द्यायची नाही, असा हा प्रकार. वर्गात इंटरनेट वापरायला शिकवणं म्हणजे हा दोर आणि बादली हातात देणं. त्यासाठी संगणकाचा कोर्स लागत नाही. शाळेत एक टीव्ही किंवा प्रोजेक्टर आणि आपल्या खिशातला एक फोन असला तरी पुरतं. टीव्ही-प्रोजेक्टर नसला, नुसता फोनच असला, तरी निभावतं. कसं, ते क्रमानं बघू.

कामाची सुरुवात आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर होते. फोन हातात घेऊन आवारात एक फेरी मारा. रेंज कुठं येते ते बघा. बऱ्याच शाळांत ती वर्गात नसते, व्हरांड्याच्या एका टोकाला नाहीतर झाडाखाली असते. मग तास तिथंच घ्यायचा. पानं वाचायला डेटा फार लागत नाही, व्हिडिओ मात्र तो फस्त करतात. म्हणून व्हिडिओ दाखवायचा असेल तर घरून उतरवून आणलेला बरा. पाठ्यपुस्तकातल्या धड्यांजवळ जे चौकोनी ठिपक्याठिपक्यांचं चित्र छापलेलं असतं, तो क्यूआर कोड इथं कामी येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड लावले आणि पुढं हा प्रयोग राज्यभर गेला. २०२० सालचा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांचा फोटो फिरवला होता. ‘दीक्षा’ ॲपमधून तो कोड वाचला की धड्याचं साहित्य उघडतं आणि पुष्कळसं उतरवूनही ठेवता येतं. रेंजचा अगदीच भरवसा नसेल तर ‘किविक्स’ नावाचं मोफत ॲप घ्या. त्यात मराठी विकिपीडिया आख्खा भरून आणता येतो आणि मग वर्गात नेटची गरजच उरत नाही.

त्याच संध्याकाळी आणखी एक काम करा, जे हमखास राहून जातं. उद्या जे शब्द मुलं शोधणार आहेत ते आपण स्वतः एकदा शोधून बघा. काय वर येतं, कोणती जाहिरात दिसते, नको ते काही दिसतं का. गूगलच्या सेटिंगमध्ये ‘सेफसर्च’ नावाची सोय असते, ती सुरू ठेवा. आक्षेपार्ह चित्रं आणि मजकूर ती गाळते. पण ती चाळणी आहे, भिंत नव्हे. फोन पडद्याला जोडण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. एका वर्गात काटेपूर्णा नदीचा नकाशा पडद्यावर असताना गुरुजींच्या साडूचा उसनवारीचा निरोप वरून खाली उतरला होता. त्या दिवशी नदी कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

आता तास. पहिली दहा मिनिटं फोन खिशातच ठेवा.

हे ऐकायला उलटं वाटेल, पण शोधाची निम्मी लढाई कागदावर असते. ‘वाशीम जिल्हा’ हा विषय आहे, प्रश्न नाही. विषय शोधला की माहितीचा ढिगारा पुढ्यात पडतो आणि मूल त्यातलं सगळ्यात वरचं उचलतं. प्रश्न शोधला तर उत्तर सापडलं की नाही हे मुलाचं मुलालाच कळतं. म्हणून फळ्यावर विषय लिहा आणि मुलांकडून त्याचे प्रश्न करून घ्या. ‘वाशीम जिल्हा कोणत्या साली झाला?’ ‘त्याआधी आपण कोणत्या जिल्ह्यात होतो?’ ‘जिल्ह्यात माणसं किती?’ प्रत्येकानं आपला अंदाजही शेजारी लिहायचा. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. अंदाज लिहिलेलं मूल उत्तराकडं डोळे उघडे ठेवून बघतं.

पहिले काही तास प्रश्न आपल्याच गावचे, तालुक्याचे ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. बहुतेक ठिकाणी उलटं होतं : इंटरनेट आलं की थेट अंतराळ, डायनोसॉर, ॲमेझॉनचं जंगल. तिथं पान खोटं बोललं तर ना मुलांना कळतं ना आपल्याला. आपल्या गावाबद्दल पान चुकलं तर चौथीतलं पोरगंही हात वर करून ‘गुरुजी, हे आपलं नाही’ म्हणतं. छापलेलं चुकू शकतं, पडद्यावरचं चुकू शकतं, हे एकदा अंगी बाणलं की मग खुशाल अंतराळात जा.

पुढची पायरी शोधशब्दांची, म्हणजे शोधाच्या खिडकीत नेमकं काय लिहायचं त्याची. इथं वाशीमचं नशीब थोर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या निम्म्या नावांना महाराष्ट्रात जुळी भावंडं आहेत. मालेगाव नाशकातही आहे आणि ते चार-पाच लाखांचं शहर असल्यानं शोधात तेच पुढं येतं. आपलं कारंजा लाडांचं, तर वर्धा जिल्ह्यात घाडग्यांचं कारंजा. जैनांच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर आपल्या मालेगाव तालुक्यात, तर दुसरं मोठं शिरपूर धुळे जिल्ह्यात. आणि ‘वाशीम’ अर्धवट टाइप करून मूल थांबलं तर नवी मुंबईतली वाशी हजर होते.

तेव्हा मुलांना एकच सवय लावा : गावाच्या नावापाठोपाठ तालुका नाहीतर जिल्हा लिहायचा. पोस्टाच्या पत्त्यावर लिहितो तसं. ‘मालेगाव वाशीम’, ‘शिरपूर मालेगाव वाशीम’. तरीही नाशिकच येत असेल तर वजाचं चिन्ह उपयोगी पडतं. ‘मालेगाव’, मग एक मोकळी जागा, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून ‘नाशिक’ असं लिहिलं की ज्या पानांवर नाशिक हा शब्द आहे ती बाजूला पडतात. वजा आणि शब्द यांच्यात जागा सोडली तर ही युक्ती चालत नाही. बहुतेकांचं इथंच अडतं. अख्खं वाक्य जसंच्या तसं हवं असेल तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचं.

शुद्धलेखनाचीही एक गोची आहे. कुणी वाशीम लिहितं, कुणी वाशिम. कुणी मंगरूळपीर, कुणी मंगरुळपीर. दोन्ही लिहून बघायला सांगा, निकाल कधी कधी बदलतात. इंग्रजांच्या अमदानीतल्या कागदांत तर वाशीम ‘बासिम’ आहे. त्या नावानं शोधलं की जुन्या गॅझेटिअरची, म्हणजे सरकारी जिल्हावर्णनाच्या ग्रंथांची पानं निघतात. आठवी-नववीच्या मुलांना हे नाव सांगून बघा, चोरदरवाजा सापडल्यासारखी खूश होतात.

मराठी टाइप करायला मुलांना वेळ लागतो, म्हणून माइकचं बटण दाबून बोलायला सांगावं, हे खरं. पण तो यंत्रातला कान प्रमाण मराठीवर तयार झालेला आहे. आपलं पोरगं ‘पाऊस काऊन पडते’ असं विचारतं तेव्हा तो भलतंच काही लिहून मोकळा होतो. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची मुलं घरी गोरमाटी बोलतात, त्यांची तर आणखी पंचाईत. अशा वेळी ‘नीट बोल’ म्हणून मुलाला दटावू नका. यंत्राला वऱ्हाडी येत नाही, असं सांगा. खरंही तेच आहे.

शोधाचं बटण दाबलं की निकालांचं पान येतं. इथं दोन मिनिटं हात बांधून बसायचं. काहीही उघडायचं नाही, पान वरून खालपर्यंत नुसतं वाचायचं. सगळ्यात वर कधी ‘प्रायोजित’ अशी बारीक अक्षरं असतात, ती पैसे देऊन लावलेली जाहिरात. हल्ली त्याच्या आसपास यंत्रानं स्वतः रचलेला सारांश येतो. तो इतका गुळगुळीत असतो की मोठ्यांनाही तेच उत्तर वाटतं. तो अनेक पानांतून वेचून जुळवलेला असतो आणि त्यात दोन मालेगावांची खिचडी होऊ शकते. तो वाचायला हरकत नाही, उतरवायला मात्र आहे. सारांशाखाली ज्या पानांचे दुवे दिलेले असतात, त्यांपैकी एक उघडून तीच गोष्ट तिथं खरंच लिहिली आहे का, हे बघायला लावा.

मग पत्ते वाचायचे. संकेतस्थळाचा पत्ता म्हणजे पानाचं घर कुणाचं ते सांगणारी पाटी. शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर ते सरकारी, हा शेवट खासगी माणसाला मिळत नाही. पण फसवणारे हीच अक्षरं पत्त्याच्या मधे कुठंतरी घुसवतात. म्हणून सुरुवातीच्या दोन जोडीच्या तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधायची आणि तिच्या अलीकडचे शेवटचे शब्द कोणते ते पाहायचं. फळ्यावर एक खरा आणि एक बनावट पत्ता लिहा आणि ओळखायला सांगा. पाच मिनिटांचा खेळ आहे. पुढं बापाच्या फोनवर कर्जमाफीच्या नावानं येणारा खोटा दुवा हेच पोरगं ओळखेल.

पान उघडलं. खरं की खोटं, हे कसं ठरवायचं? आपल्याला वाटतं, पान नीट वाचून. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली नेमकं हेच तपासलं. इतिहासाचे १० अभ्यासक, स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी आणि वृत्तपत्रांसाठी तथ्यं तपासणारे १० जण, अशा ४५ लोकांना त्यांनी काही संकेतस्थळं दिली. विद्वान आणि विद्यार्थी त्या पानावरच रेंगाळले, त्याच्या रंगरूपाला, बोधचिन्हाला भुलले. तथ्यं तपासणाऱ्यांनी पान जेमतेम पाहिलं, दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि ‘हे लोक कोण आहेत?’ असं बाहेर जाऊन विचारलं. कमी वाचून त्यांनी जास्त बरोबर ओळखलं. त्या रीतीला या संशोधकांनी जे नाव दिलं, त्याला आपण मराठीत आडवं वाचन म्हणू.

यात वाशीमकरांना नवल वाटू नये. लग्न जुळवताना आपण पाहुण्यांनी दिलेल्या चहावर आणि त्यांच्या बोलण्यावर विसंबतो का? शेजारच्या गावात चौकशी करतो. मुलांना हेच उदाहरण द्या, परत समजावावं लागत नाही.

चौकशी करताना एक फसगत नेहमी होते. चार पानांवर एकच मजकूर सापडला की मुलं म्हणतात, चौघं सांगतायत म्हणजे खरं. वाक्यं शब्दाला शब्द जुळत असतील तर साक्षीदार चार, पण साक्ष एकच. आपल्याकडचं उदाहरण घ्या. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ गाडी, आता बंद असलेली. ‘ही लाइन आजही इंग्रजांच्या कंपनीच्या मालकीची’ हे वाक्य वर्षानुवर्षं फोनाफोनांतून फिरतं आहे. वरच्या वर्गाला हा एक आख्खा तास द्या. किती पानांवर हे वाक्य आहे, त्यातल्या कितींनी करार किंवा रेल्वेचा कागद दाखवला आहे, एवढंच मोजायचं. निकाल लावायची घाई करू नका, मोजणी महत्त्वाची.

आणि कधी कधी दोन पानं भांडतात आणि दोन्ही खरी असतात. ‘वाशीम जिल्हा कधी झाला?’ हा फळ्यावरचा साधा प्रश्न. एक गट सांगेल, १ जुलै १९९८, अकोल्यातून वेगळा झाला. ‘बासिम’ शोधणारा दुसरा गट म्हणेल, जिल्हा तर इंग्रजांच्या काळातच होता आणि १९०५ साली तो मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटला. दोघंही बरोबर. अपुरा होता तो आपला प्रश्न. असा प्रसंग तासाला आला तर घंटा झाली तरी उठू नका.

पानाचं वय बघणं ही यातलीच गोष्ट. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालचा. त्या छापील खंडात वाशीम जिल्हा कसा सापडेल? विश्वकोश चुकला असं मूल म्हणालं तर त्याला खंडाचं साल दाखवा. विकिपीडियाची गोष्ट वेगळी, ते पान रोज बदलू शकतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि तो तुमच्या-माझ्यासारख्यांनीच लिहिलेला आहे. तिथं ‘इतिहास पहा’ असा दुवा असतो, त्यात पान कुणी कधी बदललं ते दिसतं. लेखाच्या तळाशी संदर्भ नसतील तर त्यातलं विधान उसनं समजायचं, दुसरीकडून ताडल्याशिवाय वहीत घ्यायचं नाही.

आकड्यांचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे ‘वाशीमची २०२५ ची लोकसंख्या’ म्हणून जे आकडे सापडतात ते अंदाज आहेत, मोजणी नव्हे. आकडा दिसला की ‘मोजला की अंदाजला?’ एवढं विचारायची सवय लागली तरी मी तास सत्कारणी लागला म्हणेन.

आता लिहायचं. नक्कल थांबवायला मी सगळे उपाय करून पाहिले. दरडावून काही होत नाही. चालणारा उपाय एकच : फोन पालथा घालायचा, पडदा बंद करायचा आणि मग वहीत लिहायचं. जे आठवतं ते मुलाचं झालं. आठवलं नाही तर फोन परत उलटा, बघा, पुन्हा पालथा घाला. पहिल्या दिवशी दोनच ओळी येतील. त्या दोन ओळी त्या सुरेख अक्षरातल्या यंत्रमागापेक्षा कितीतरी बऱ्या. खाली संकेतस्थळाचं नाव आणि पाहिल्याची तारीख. उद्या ते पान बदललं तर मुलाची वही खोटी ठरत नाही.

एक फोन आणि चाळीस मुलं असली तर पाच-पाचांचे गट करा. एक गट फोनवर, बाकीचे नकाशावर, पुस्तकावर, प्रश्न तयार करण्यात. गट बदलत राहतात. गटात फोन कुणाच्या हातात जातो यावर मात्र नजर ठेवा. न सांगता तो धीट मुलाच्या हातात जातो आणि मुली मागून वाकून बघत राहतात. फोन मुलीच्या हातात आणि प्रश्न वाचायचं काम मुलाकडं, असं आपणच ठरवून टाकावं.

आणि एक विनंती : नेटवर शोधायचा गृहपाठ देऊ नका. कित्येक घरांत फोन एकच असतो आणि तो दिवसभर बापाच्या खिशात शेतात असतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तो घरी येतो तेव्हा मूल झोपलेलं असतं. कोरोनाच्या काळात हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. शोध वर्गात, आणि घरी जाऊन आजोबांना विचारायचा प्रश्न गृहपाठाला. ‘आपण अकोला जिल्ह्यात होतो तेव्हा कचेरीच्या कामाला कसे जायचे?’ याचं उत्तर कुठल्याच शोधाच्या खिडकीत नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात. स्वतःचं पूर्ण नाव, फोटो, फोन नंबर, शाळेचं नाव कुठल्याही पानावर भरायचं नाही. ओटीपी, म्हणजे फोनवर येणारा एकवेळचा आकडा, कुणालाही सांगायचा नाही. काही भीतिदायक दिसलं तर फोन पालथा घालून मोठ्या माणसाला सांगायचं, रागावणार नाही अशी खात्री आपण आधी द्यायची. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०, मूल अडचणीत असेल तर १०९८. हे दोन आकडे वर्गाच्या दारावर रंगवून घ्या, कागद चिकटवला तर पावसाळ्यात निघतो.

हे सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. येत्या शनिवारी सकाळच्या शाळेत एकच तास घ्या आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहा : ‘मालेगाव कोणतं?’ आपलं गाव मालेगाव नसेल तर आपल्या गावाच्या नावाचं दुसरं गाव महाराष्ट्रात कुठं आहे, ते आदल्या रात्री शोधून ठेवा. बहुधा सापडेल.